समुपदेशनासाठी लागणारा गुन्हा

आमच्या शाळेने शिक्षा बंद केली आणि समुपदेशक ताई नेमल्या. पूर्वी ज्या खोलीत अंगठे धरायला लावत, तिला आकाशी रंग दिला, गुबगुबीत उशा ठेवल्या. आता गुन्हा केला की बाई तिकडे पाठवत आणि ताई तासभर प्रेमाने ऐकून घेत. गुन्हा केला नसेल, तर तुम्ही ठणठणीत. वर्गात बसा.

माझी चुलत बहीण माझ्याच वर्गात. काकू गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. ती गुन्हा करत नव्हती, कारण ती काहीच करत नव्हती. डबा जसाच्या तसा घरी यायचा. रात्रभर भिंतीकडे तोंड करून जागी. बाईंनी भर वर्गात तिचं कौतुक केलं, "एवढं आभाळ कोसळलं, पण पोरीचं हूं नाही की चूं नाही! शिका जरा!" हे माझ्याकडे बघून.

शेवटी ती स्वतःच बाईंकडे गेली. "मला ताईंशी बोलायचंय."

"अगं, तुझं काय काम तिथे? ते वाह्यात कार्ट्यांसाठी आहे."

त्या दिवशी घरी जाताना ती म्हणाली, "मला ना, आता असायचाच कंटाळा आलाय."

मी म्हटलं, "उद्या काच फोड."

"कुठली?"

"मुख्याध्यापकांची. फोडायचीच तर चांगल्या घरची फोड."

मधल्या सुट्टीत तिने सगळ्यांदेखत डस्टर भिरकावला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बाई धावत आल्या.

"मी फोडली," ती म्हणाली.

बाईंचे डोळे भरून आले. "भावासाठी आळ अंगावर घेते! केवढं मन लेकराचं!"

अख्खा वर्ग ओरडला, "बाई, तिनेच!" वर्गाची एकजूट बघून बाई आणखी गहिवरल्या आणि माझं बखोट धरून मला आकाशी खोलीत पोचवलं.

"ताई, मी नाही. तिला बोलवा, तिला खरंच गरज आहे."

"दुसऱ्याबद्दल बोलणं सोपं असतं, राजा," ताई मायेने म्हणाल्या. "आज फक्त तुझ्याबद्दल."

तिचं नाव तीनदा काढलं. तिन्ही वेळा त्यांनी उशी पुढे सरकवली.

बाहेर ती भिंतीला टेकून उभी होती.

"काय विचारतात रे आत?"

"झोप लागते का, विचारतात."

"मग?"

"लागते म्हटलं."

"प्रश्न वाया घालवलास," ती म्हणाली.