माझे कमरपट्टे कमानीला

मित्रांनो, पाईप म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे गोल येतो ना? मी एक जुना चौकोनी पाईप आहे. हसा, सवय आहे मला!

कर्जत तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या वेशीवर रस्त्याला एक मोरी, म्हणजे छोटा पूल आहे. तिच्याखाली जागा बुटकी, गोल पाईप बसेना. पलीकडे कडूबाईंची लिंबाची बाग पाण्यावाचून माना टाकत होती. तेव्हा रंगनाथ वेल्डरने पोलादी पत्रे जोडून मला चपटा, आयताकृती घडवला. गोल पाईपात पाण्याचा दाब चहूकडे सारखा वाटला जातो. माझ्या सपाट भिंती मात्र फुगू बघतात आणि सगळा ताण येतो कोपऱ्यांवर. म्हणून रंगनाथने माझ्याभोवती जाड पट्ट्यांचे कमरपट्टे आवळले. "ह्ये हायेत तवर तुला काय बी हुत न्हाई," माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला. मी त्याला बाप मानलं.

मोटर सुरू झाली की मी दाब पेलायचो. कडूबाई हंगामाचं पहिलं लिंबू माझ्यावरून ओवाळून टाकायच्या. खोटं कशाला सांगू, मी सुखात होतो.

मग यात्रा आली. वेशीवरच्या नव्या कमानीला ऐनवेळी लोखंड कमी पडलं. रंगनाथच कटर घेऊन मोरीखाली उतरला आणि माझे मधले कमरपट्टे कापून घेऊन गेला. यात्रा झाली की परत लावतो म्हणाला. यात्रा झाली, पालं उठली, तो काही फिरकला नाही.

माझं पोट सुटलं. लोक हसू लागले. म्हणे, सासुरवाडीचं मानवलंय! कडूबाईही हसल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? पण रंगनाथही हसला. त्याला तर सगळं ठाऊक होतं!

भर उन्हाळ्यात, बाग फळाला आलेली असताना, माझा कोपरा उसवला. पाणी ओढ्यात गेलं आणि बागेतली बारकी लिंबं पिवळी पडून गळाली. सगळे मोरीपाशी जमले. मला वाटलं, आता तरी हा खरं बोलेल. माझ्याकडे न बघता रंगनाथ म्हणाला, "चौकोनी पाईप हाय. दगा देनारच."

दगा! आणि तो म्हणे मी दिला!

कडूबाई खाली वाकल्या. कापलेल्या पट्ट्यांच्या खुणांवरून त्यांनी बोट फिरवलं, मग मान वर करून कमानीकडे पाहिलं. "रंगनाथ, आमी ह्याच्या पोटाला हसलो. त्यो तर दम धरून हुता रं."



पुढे मोरी खोल खणून गोल पाईप टाकला. मी आता कमानीखाली पडून आहे. लोक माझ्यावर बसून एसटीची वाट बघतात. वर माझेच कमरपट्टे, रंग देऊन चकचकीत केलेले, त्यांच्यावर 'सुस्वागतम्'. रंगनाथ जाता-येता कमानीला हात जोडतो. खाली बघत नाही.

मित्रांनो, कुणाचा आधार काढून घ्यायची वेळ आलीच, तर तो परत लावायची आठवण ठेवा. तेही जमलं नाही, तर निदान त्याच्या पोटाला हसू नका.