विरोध असेल त्यानं उभं राहावं

मी जाजम बोलतेय. खाली काय शोधताय, वर बघा, माळ्यावर. जन्मभर सगळ्यांच्या खाली राहिले आणि म्हातारपणी ही बढती मिळाली.

माझा जन्म ग्वाल्हेरचाच. लष्कर नावाच्या पेठेतल्या एका छिप्यानं जाड सुती कापडावर लाकडी ठशांनी लाल वेल छापली आणि मला नव्या व्यापार सभेत पोचवलं. तेव्हा महाराजांचं राज्य होतं. धान्याचे, कापडाचे, तेलाचे व्यापारी दरबारात एकेकटे जायला बिचकत, म्हणून त्यांनी ही सभा काढली. दारात जोडे उतरवायचे, माझ्यावर मांडी घालायची आणि जकातीच्या नावानं बोटं मोडायची, हे त्यांचं मुख्य काम.

सभेचा एक नियम होता. ठराव वाचला की ज्याचा विरोध असेल त्यानं उभं राहावं. नियम अदबीचा होता, पण करणाऱ्यानं व्यापाऱ्यांची पोटं बघितली नव्हती. वार्षिक सभा जेवणानंतर भरे. श्रीखंड-पुरी चेपलेला माणूस माझ्यावरून उठणार कसा? मनात कितीही विरोध असला तरी तो लोडाला टेकून डोळे मिटून घेई. सगळे ठराव एकमतानं मंजूर होत, आणि गावात लोक म्हणत, काय एकी आहे!

पुढे संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं. सरकार हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला राहू लागलं. त्याच्या स्वागताचा ठराव एकमतानं झाला. इंदूरला अर्धं वर्ष दिल्याच्या निषेधाचा ठरावही एकमतानंच झाला.

या सगळ्या काळात माझ्या कोपऱ्यावर एक माणूस कायम असे, चिटणीस महिपतराव. त्यांचे वाडवडील फौजेत घोड्यावर बसले, हे माझ्यावर. किला गेटजवळ बिऱ्हाड, मूलबाळ नाही. सभा हेच त्यांचं लेकरू. त्यांच्या पत्नी सुमनताई वार्षिक सभेच्या जेवणाचं बघत.

छप्पन्न साली नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. आमचे अध्यक्ष संभाजीराव सरदार घराण्यातले, बसगाड्यांचे मालक, आणि विचारांनी फार नवे. ते म्हणाले, "महिपतराव, जिथे सरकार तिथे सभा. दफ्तर भोपाळला नेऊन टाकू. तुम्ही आता आराम करा."

महिपतरावांनी मान हलवली, पण माझ्यावर टेकलेला त्यांचा तळवा घामानं ओला झाला होता. ठराव मांडला की तो मंजूर होणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मला त्यांची फार दया आली.

संभाजीरावांनी आणखी एक सुधारणा केली. "जेवून लोक पेंगतात. यंदा आधी काम, मग जेवण."

सभा भरली. ठराव वाचून झाला. संभाजीराव म्हणाले, "ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं." नेमक्या त्याच वेळी मागच्या पडवीतून सुमनताईंची हाक आली, "अहो, पानं वाढलीत! पुऱ्या ठंड्या होऊन राहिल्यात, चला ना लवकर!" त्या बिचारीला ठरावाचं काही ठाऊक नव्हतं, पुऱ्यांची काळजी होती.

अख्खी सभा उठली. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"अरे, ये कोई तरीका है?" संभाजीराव ओरडले. "ज्यांना भोपाळला जायचंय त्यांनी परत बसावं!"

कोणी बसेना. मला वाटलं, भूक लागली असेल. पण कोणी जेवायलाही जाईना. दाल बाजारचे सेठ फूलचंद, ज्यांना एरवी उठवायला दोन माणसं लागत, ते खांबाला धरून म्हणाले, "संभाजीराव, अब खड़े हो ही गए हैं तो खड़े रहने दो. सभा यहीं रहेगी."

"यहीं, यहीं," मागून आवाज आले.

सभेच्या इतिहासात पहिल्यांदाच ठराव पडला. माझ्यावर आता एकच माणूस बसलेला होता, महिपतराव. जन्मभर मांडी घालून गुडघे आखडलेले, डोळे भरलेले, काही केल्या उठता येईना. फूलचंद खो खो हसले, "वाह! भोपाल के हक़ में एक ही वोट, और वो भी आपका!"

महिपतराव दोन्ही हात वर करून म्हणाले, "अहो, माझाही विरोध आहे! मला उठवा कोणीतरी!"

चौघांनी त्यांना उभं केलं. संभाजीरावही त्यात होते.

नंतर खुर्च्या आल्या. हल्ली विरोध करायला नुसता हात वर केला की भागतं. महिपतराव गेले, सुमनताई गेल्या, पण सभा लष्करातच भरते. खाली भांडणं चालू असली की मला वर बरं वाटतं.

तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. वर्षातून एकदा मला ऊन दाखवा. मोडीत काढायचं ठरलं तर गावातच कोणाला तरी द्या, भोपाळला मात्र पाठवू नका. मला उठून विरोध करता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतेय.