थुंकण्यास सक्त मनाई

शेंगदाणे निवडण्याच्या शेडमधल्या मुकादमीणबाईंना सगळ्या बायका घार म्हणत, अर्थात पाठीमागे. एखादं पोतं भिंतीला टेकलेलं दिसलं, की घारीचं डोकं फिरे. ओल लागली की दाण्याला बुरशी धरते आणि बुरशीचं विष भाजूनही जात नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. तिच्या शेडचा माल आजवर एकदाही परत आला नव्हता, आणि त्याचा तिला कोण गर्व!

खरं तर हा पराक्रम तिच्या मावशीचा. आई गेल्यावर घारीला मावशीनंच वाढवलं, दाणा ओळखायलाही तिनंच शिकवलं. पुढे याच शेडमध्ये दाणे निवडणाऱ्या मावशीला मोतीबिंदू झाला. कामावरून काढतील या धास्तीनं म्हातारी संशय येईल तो दाणा गुपचूप दाताखाली धरू लागली. कडू लागला, की ती मूठ बाजूला. घारीनं ते पाहिलं आणि कानाडोळा केला. कानाडोळा तरी कसला, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात वाईट पोती ती मावशीपुढेच ओतू लागली. "आमच्या मावशीची जीभ म्हणजे मशीन आहे," असं वर कौतुक. कौतुकाला काय जातंय!

सहा वर्षांनी मावशीनं अंथरूण धरलं. डोळे पिवळेधमक झाले होते. लिव्हर संपलंय, डॉक्टर म्हणाले.

घार भेटायला आली ती मोसंबी घेऊन, आणि पर्समध्ये ओंजळभर दाणे. माल न्यायला गाडी शेडसमोर उभी होती आणि दहा पोत्यांचा काही भरवसा वाटत नव्हता. निर्लज्जपणाची कमाल झाली.

"मावशी, एवढे चार दाणे चाख ना. शेवटचं."

"मला आता पाणीसुद्धा कडू लागतं गं."

"झालं! म्हणजे माझा माल अडकला." घार चिडली. मग पिवळ्या डोळ्यांकडे बघून जराशी वरमली. "पण तू कडू दाणा थुंकत होतीस ना?"

"कुठे थुंकणार? पहिल्याच दिवशी थुंकले, तर तू चारचौघींत केवढी ओरडलीस! तपासणीवाले बघतील म्हणालीस. माझ्या टेबलासमोर पाटी लावलीस. मला दिसत नव्हती, तर मोठ्यांदा वाचून दाखवलीस."

"मग बाहेर जायचं!"

"उठले, की कामचोर म्हणायचीस."

"म्हणजे... गिळत होतीस?"

"रोज."

घारीनं उघडी पर्स खाटेवर ठेवली. मावशीनं चाचपडत पर्समधला एक दाणा उचलला आणि तिच्या ओठांना लावला. "चाख. आता तुलाच शिकायला हवं."

घारीनं दाणा चावला. कडूजहर चव जिभेवर पसरली आणि तिचं तोंड वाकडं झालं.

मावशीनं तिच्या हनुवटीखाली आपला तळहात धरला, लहानपणी धरायची तसाच.

"थुंक बाळा," ती म्हणाली. "इथे कुणी ओरडणार नाही."