तिघांचे बटाटे

“काय म्हणतोय तो?” दर्शनाने अंधारात मृणालिनीला कोपराने ढोसलं.

तो काहीच म्हणत नव्हता. पडद्यावर एक म्हातारा आणि त्याची बायको स्वयंपाकघरात समोरासमोर बसली होती, आणि बराच वेळ दोघांच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं.

दिंडोशीतल्या सोसायटीच्या हॉलमधलं हे फिल्म सर्कल या दोघींनीच सुरू केलेलं. दोघी बँकेतून निवृत्त झालेल्या, जुन्या मैत्रिणी. काचबिंदूने दर्शनाची नजर पुरती गेली तेव्हा तिने बजावलं होतं, “मला कळेनासं झालं ना, की मी येणं बंद करीन. शोभेला बसणार नाही.” तेव्हापासून मृणालिनी पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या इंग्रजी ओळी मराठीत तिच्या कानाशी सांगे. दर्शनाचं घराबाहेर पडणं आता एवढंच उरलं होतं, आणि ते टिकवण्याचा मृणालिनीने जणू विडाच उचलला होता.

सध्या दोघी चेक भाषेतल्या एकाच पटकथाकाराचे सिनेमे ओळीने लावत होत्या. तरुणपणापासून दोघींना त्याचं वेड. त्याच्या पहिल्या सिनेमात लग्नाचं जेवण होतं. सगळे काका-मामा एकदम बोलत, आणि सांगता सांगता मृणालिनीच्या घशाला कोरड पडली होती. पुढच्या सिनेमांत माणसं कमी झाली, भांडणं मुकी झाली. जेवणाचं टेबल मात्र दर वेळी असे, आणि घर सोडून गेलेल्या कुणाची तरी खुर्ची रिकामी. वय वाढलं तशी त्याने शब्दांना कात्री लावली होती. जाणकारांना त्याचं कौतुक. मृणालिनीला मात्र धास्ती. नुसत्या शांततेत दर्शनाला कळणार काय? म्हणून गेल्या रविवारी तिने चार वाक्यं पदरची घातली. आजही घातली.

“म्हणतोय, येईल गं पोरगा. तू आधी जेवून घे.”

दर्शनाने तिच्याकडे तोंड वळवलं.

“मृणाल, हे तुझं वाक्य आहे. मागच्या रविवारचीही तुझीच होती.”

मृणालिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तू यायची थांबशील असं वाटलं गं,” ती कशीबशी म्हणाली.

“त्या लग्नाच्या सिनेमात लिहिलं असतं त्याने असं. आता नाही लिहिणार यार. दिसतंय काय, तेवढं सांग.”

“टेबल आहे. ती बटाटे सोलतेय. तो बघतोय. एक खुर्ची रिकामी.”

“आणि?”

“बस, एवढंच.”

“मग गप्प बस ना. मला बघू दे.”

मृणालिनी गप्प बसली. तिला रडूही येत होतं आणि हायसंही वाटत होतं. शेजारी दर्शना मान किंचित पुढे काढून ऐकत होती. सोललेला एकेक बटाटा पातेल्यातल्या पाण्यात पडत होता.

“जास्त सोलतेय ती,” थोड्या वेळाने दर्शना हळूच म्हणाली. “तिघांचे सोलतेय. आमचे हे गेल्यावर मीही किती दिवस दोघांचा भात लावायचे.”

मृणालिनीने पडद्याकडे नीट पाहिलं. पातेलं काठोकाठ भरलं होतं.

“हो,” ती म्हणाली, “तिघांचे.”