लाइन तुटली, पण लाइन हाय

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. बोरी बुद्रुकच्या रत्नानं सकाळी मळ्याच्या वाटेवर विजेची तार तुटून पडलेली पाहिली. ओल्या गवतात तार चटचटत होती. थोरल्या जावेला, साळुबाईला, गुरंपोरं अडवायला तिथंच उभं करून ती गावातल्या एसटीडी बूथकडे पळाली.

बूथवाल्या संपतनं मान वर न करताच सांगितलं, "वहिनी, लाइनीत या."

"अरे, लाइन तुटलीय."

"न्हाई, चालू हाय. आत्ताच मुंबई लागली व्हती."

रत्नानं पुढच्या माणसाच्या हातातून रिसीव्हरच ओढून घेतला. वीज कचेरीत कुणीतरी सुस्तावलेलं बोललं.

"साहेब, बोरीत लाइन तुटलीय. मळ्याच्या वाटंला."

"पाण्याची असंल तर ग्रामपंचायतीत सांगा."

"विजेची, विजेची."

"मग घरात लाइन नसंल. दुपारपर्यंत येईल."

"येईल कशाला? लाइन हायच की. म्हणून तर फोन केला."

पलीकडचा हसला. "बाई, तुटलीय म्हणता अन् हाय म्हणता. काय ते एक ठरवा."

रडावं की ओरडावं, रत्नाला कळेना. एवढ्याशा शब्दात लोकांनी अख्खा गाव कोंबून ठेवला होता. दात आवळून ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तार. जमिनीवर. पडलीय. करंट. चालू हाय. माणूस मरंल."

पलीकडचं हसू थांबलं. "कुणाला जवळ जाऊ देऊ नका," म्हणत त्यानं घाईनं कुणाला तरी हाक मारली.

ती परत पोचली तेव्हा तार गप्प पडली होती. ओरडून ओरडून साळुबाईचा घसा बसला होता. मागोमाग वायरमनही आला.

संध्याकाळी तिचा नवरा अमृत घरी आला. तो नारायणगावला शाळेत इंग्रजी शिकवायचा. हकिगत ऐकून तो जाड शब्दकोश घेऊन चुलीपाशीच बसला.

"मूळ बघ किती गमतीचं आहे. लाइन म्हणजे आधी जवसाच्या वाखाचा दोरा. मग दोऱ्यानं आखलेली रेघ, मग रांग, मग वंशसुद्धा..."

"अहो," भाकरी थापता थापता रत्ना म्हणाली, "तुमच्या वहिनी दिवसभर बोलू शकल्या न्हाईत. त्यांना जरा विचारून या."

अमृतनं पुस्तक मिटलं आणि चपला घातल्या. तो गेल्यावर रत्ना पुन्हा भाकरी थापू लागली. भाकरी काही केल्या गोल होईना.