जास्तीचा ब्रेक

मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बोलतेय. हसू नका. टपावरची 'शिकाऊ' पाटी बघून रस्त्यावरचं शेंबडं पोरसुद्धा मला हसतं, त्याची सवय आहे. पोचा नाही अशी अंगावर जागा नाही, गिअर टाकला की कण्हते. पण सतरा वर्षांत शेकडो माणसं माझ्यावर हात साफ करून गेली.

तुमच्या गाडीत नसतं असं एक माझ्याकडे आहे. शेजारच्या सीटवर शिकवणारे सर बसतात, त्यांच्या पायाशी जास्तीचा ब्रेक. शिकणारा गडबडला की सर तो दाबतात, जीव वाचतो. पण याच ब्रेकनं एका बाईचं नुकसान केलं. ते सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

सर म्हणजे लाख माणूस. कधी कुणावर ओरडले नाहीत. फार वर्षांपूर्वी त्यांचा ब्रेक जरासा उशिरा लागला, मी भिंतीवर आदळले आणि शिकणाऱ्या मुलीचा हात मोडला. तेव्हापासून त्यांचा पाय ब्रेकवरून हटलाच नाही. इतका हलका दाबायचे की त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. मला कळायचं. पण मला विचारतो कोण?

अशात लॉन्ड्रीवाल्या ताई आल्या. नवरा व्हॅनमधून हॉटेलांच्या चादरी-टॉवेल पोचवायचा. त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि व्हॅन दाराशी उभी राहिली. हॉटेलवाले म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबतो. तेवढ्यात ताईंना लायसन्स मिळालं तर लॉन्ड्री वाचणार, नाहीतर कुलूप. इस्त्रीनं भाजलेल्या हातांनी त्या माझं स्टिअरिंग असं आवळून धरायच्या की मलाच गुदमरायला व्हायचं.

सगळं शिकल्या. चढ तेवढा नडला. परीक्षेच्या मैदानात एक चढ आहे. अर्ध्यावर थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. सरावाला ताई दहापैकी दहा वेळा निघायच्या.

"बघा, जमलं की नाही?" सर खूश.

ताई पण खूश. आणि मी आतल्या आत चडफडायचे. अहो बाई, तुम्ही नाही धरलं मला, सरांच्या पायानं धरलंय!

परीक्षेला सरांच्या जागी इन्स्पेक्टर बसायचे, पाय आखडून. पहिल्यांदा आम्ही वीतभर घसरलो. दुसऱ्यांदा हातभर. तिसऱ्यांदा नवरा आला होता, काठी घेऊन कडेच्या बाकावर बसला होता. त्याच्या डोळ्यांदेखत मी जी मागे आले ती खालच्या पिंपावर जाऊन थडकले. इन्स्पेक्टरनं मान वर न करता 'नापास' लिहिलं.

"बास झालं आता," नवरा म्हणाला. "रविवारी व्हॅनला गिऱ्हाईक आणतो. आणखी किती हसं करून घ्यायचं?"

रविवारी गिऱ्हाईक आलं. व्हॅन गेली.

आणि सोमवारी सकाळी सातला बाई माझ्या दाराशी हजर! सर गोंधळले. "ताई, व्हॅन तर विकली ना?"

"विकली. चावी मीच दिली त्यांच्या हातात." आवाज बसला होता. "पण सर, एक सांगा. तुमच्याबरोबर जमतं ते तिथं का जमत नाही? मी काय मठ्ठ आहे?"

"चला, चढावर बघू," सर म्हणाले. आम्ही चढावर गेलो, अर्ध्यावर थांबलो, निघालो. झकास. आणि त्याच वेळी सरांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, हा पाय," ते म्हणाले. "गाडी मीच धरत होतो. तुम्हाला कधी घसरूच दिलं नाही."

"म्हणजे माझी व्हॅन..." एवढंच बोलून ताईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. माझा हॉर्न वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय, मैदानातली माणसं वळून बघताहेत, आणि दोघांनाही त्याचं भान नाही. इतकं वाईट मला भिंतीवर आदळतानाही वाटलं नव्हतं.

मग ताईंनी पदरानं तोंड पुसलं. "सर, पाय वर घ्या."

सरांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. देवळात बसावं तशी! मी घसरले. धाडकन पिंपावर. पुन्हा चढ, पुन्हा पिंप. चौथ्या धडकेला माझा मागचा दिवा फुटला. सर डोळे मिटून सीट धरून बसले होते, पण मांडी मोडली नाही. सातव्यांदा ताईंनी मला धरलं. त्यांनी, स्वतः.

महिन्याभरानं त्या पास झाल्या. पेढे वाटावेत असं काही नव्हतं. लॉन्ड्रीला कुलूप लागलंच. त्या आता एका बेकरीची गाडी चालवतात. नवरा कधीकधी शेजारी बसून पावांचे ट्रे मोजतो. सरांनी माझा तो दिवा बदलला, पण पिंपाचा पोचा काढू दिला नाही. गॅरेजवाल्याला म्हणाले, "राहू दे. माझ्या पायाची आठवण आहे ती."

आज मला भंगारात न्यायचंय. सरांना स्वतः चालवत न्यायचा धीर झाला नाही, म्हणून त्यांनी ताईंना बोलावलं आणि आपण शेजारी बसले. भंगारवाला नेमका चढाच्या पलीकडे. निम्म्या चढावर पुढचा ट्रक थांबला, आम्हीही थांबलो, आणि माझं म्हातारं इंजिन बंद पडलं. मागे गाड्यांच्या हॉर्नचा कलकलाट. मी एक बोट घसरले.

शिकवणाऱ्यांनो, आईबापांनो, जाता जाता हात जोडून सांगते, तुमचं माणूस पिंपावर आदळलं तर आदळू द्या. माझे पोचे मोजा, मी काही मेले नाही.

"सर," ताईंनी समोर बघतच विचारलं, "पाय कुठं आहेत?"

"वर आहेत. मांडी घातलीय."

"मग बसा निवांत," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा चावी फिरवली.