टाळ्या थोड्या उशिरा

मी एक जुना फौजी बूट आहे. उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच असतो, चाकणजवळच्या एका घरात, पलंगाखाली. मित्रांनो, आम्हाला दोन मालक लाभले.

पहिला धनेश. मोठा थट्टेखोर. मला घासताना म्हणायचा, "चकाकला पाहिजेस गड्या, सोयरीक बघायला जायचंय!" एका बर्फाळ टेकडीच्या लढाईत तो पडला. त्याचा मित्र हिंदुराव याच्या बुटांचे सोल उकलले होते. त्याने माझी नाडी सोडली, "माफ कर भावा," म्हणाला आणि माझ्यात पाय घातला. मी अजून उबदार होतो.

पुढच्याच उन्हाळ्यात वरून हुकूम आला, टेकडी सोडा. आम्ही उतरलो. त्या दिवसापासून हिंदुरावांच्या चालीतला ताल गेला, तो गेलाच.

फौज सुटल्यावर आता ते एका कंपनीच्या गेटवर उभे राहून मोटारींना सलाम ठोकतात. दर रविवारी मात्र आम्हाला पॉलिश होते. त्यांच्या पत्नी इंदुताई म्हणतात, "त्या बुटांशी बोलता, तेवढं माझ्याशी बोलला असता तर!"

यंदा पंधरा ऑगस्टला गावाने त्यांचा सत्कार ठेवला. फ्लेक्सवर फोटो, शाल, नारळ. हिंदुराव आम्हाला घालून गेले. समोर त्यांचा मुलगा गणराज बसला होता. महिन्याभरावर त्याची फौजेतली भरती. हिंदुरावांना त्याला त्या टेकडीचे खरे सांगायचे होते. घरात जीभ उचलत नव्हती, माईकवर तरी उचलेल असे त्यांना वाटले असावे. माझ्यातली त्यांची बोटे आक्रसली होती.

सरपंच यशवंतराव ओरडले, "येऊ द्या हिंदुराव लढाईचं! पोरांना स्फुरण चढलं पाहिजे राव!"

"ती टेकडी आम्ही घेतली," हिंदुराव म्हणाले. कडाडून टाळ्या. "धनेश तिथंच गेला. आणि नंतर ती टेकडी..."

घोषणा सुरू झाल्या. सगळ्यांत मोठा आवाज गणराजचाच. गळ्यात हार पडला. "...सोडून दिली," हे माझ्याशिवाय कुणी ऐकले नाही.

घरी आल्यावर गणराजने मला पायात चढवले. "बाबा, बरोब्बर बसतोय की!"

हिंदुराव खाली वाकले. वाटले, आता सांगतील. त्यांनी माझी नाडी हातात घेतली आणि घट्ट आवळली.

"सैल नको बांधू," एवढेच म्हणाले. "बर्फ आत जातं."

मित्रांनो, मला चकाकवू नका, काचेच्या कपाटात मिरवू नका. असा माणूस बोलायला उभा राहिला, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. टाळ्या थोड्या उशिरा वाजवा.